टेलर, पण कोणता?

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नुसतं ‘टेलर’ छापलेलं असलं, तर ते निदान तिघांपैकी कुणीही असू शकतं. शिंपीकामावरून आलेलं हे इंग्लिश आडनाव फारच पसरलेलं. आद्याक्षरं आणि साल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गणितातले ते ब्रुक टेलर (१६८५–१७३१). टेलर श्रेणी, म्हणजे फलनाची किंमत घातांच्या बेरजेत मांडायची रीत, त्यांच्या १७१५च्या ग्रंथात आहे. शेषपदाचं (श्रेणी मध्येच तोडल्यावर उरणाऱ्या फरकाचं) नेहमी शिकवलं जाणारं रूप मात्र लाग्रांज यांचं.

मशीन शॉपमधले टेलर म्हणजे अमेरिकेचे फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५). व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात भेटतात तेही हेच. पुष्कळ विद्यार्थी त्यांना दोन माणसं समजतात. त्यांच्या सूत्रात कटिंग स्पीड (धातू कापायचा वेग) गुणिले टूल लाइफचा (कापणारं हत्यार टिकण्याच्या काळाचा) ठरावीक घात हा स्थिरांक असतो. हाय-स्पीड स्टीलच्या हत्यारासाठी हा घातांक साधारण ०.१२५ धरतात. म्हणजे वेग दुप्पट केला की टूलचं आयुष्य २५६ पटींनी घटतं! कार्बाइडसाठी ०.२५ धरला, तर १६ पटींनी.

सगळ्यात जास्त घोळ जी. आय. टेलर (१८८६–१९७५) यांच्या बाबतीत होतो, कारण ते सगळीकडेच आहेत. दोन सिलिंडरांमधल्या प्रवाहातले भोवरे (१९२३), धातूंमधली डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष (१९३४), विद्युतक्षेत्रात द्रवाचा होणारा ४९.३ अंश अर्धकोनाचा शंकू (१९६४), सगळं त्यांचंच. १९४५च्या ट्रिनिटी अणुचाचणीची ऊर्जा त्यांनी फोटोंवरून काढली: हवेची घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले काळाचा वर्ग. इथे जपायचं ते त्रिज्येला. ती १० टक्के जास्त मोजली, तर ऊर्जा ६१ टक्क्यांनी फुगते.

बॉम्बचा विषय निघाला की देवनागरीत आणखी एक टेलर मध्ये घुसतात: हायड्रोजन बॉम्बवाले एडवर्ड टेलर. ते हंगेरीतून आलेले, आणि त्यांचं आडनाव मुळात वेगळं (Teller). आपल्या लिपीत ते हुबेहूब सारखं दिसतं एवढंच. काही रेणूंचा आकार आपोआप बिघडण्याचा यान-टेलर परिणाम (१९३७) त्यांचा, आणि पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजायच्या बीईटी पद्धतीतला ‘टी’सुद्धा (१९३८). मराठी सूचीत हे दोन्ही जी. आय. यांच्या खात्यावर सहज जातात.

पूर्ण नाव दिलं म्हणूनही सुटका नाही. रिचर्ड टेलर दोन आहेत: १९९०चं भौतिकीचं नोबेल मिळालेले, आणि फर्माच्या प्रमेयाच्या सिद्धतेत वाइल्स यांना साथ देणारे गणिती. एलिझाबेथ टेलरही दोन, कादंबरीकार १९१२च्या आणि अभिनेत्री १९३२च्या. तिथे जन्मसालच घालावं लागतं.