राष्ट्रीय परिसंस्था निरीक्षण जाळ्याचा आराखडा करताना

देशभरातल्या परिसंस्थांचं दीर्घकाळ निरीक्षण करणारं जाळं उभारायचं ठरलं आणि आराखडा करणाऱ्या गटात मलाही घेतलं. पहिल्याच बैठकीला प्रत्येक जण आपापली यादी घेऊन आला. मातीवाल्यांना बुरशी आणि जिवाणू हवे होते, पक्षी अभ्यासणाऱ्यांना पहाटेच्या गणना, पाण्यावर काम करणाऱ्यांना प्रत्येक ओढ्यावर सेन्सर. यादीतलं काहीच निरर्थक नव्हतं, खरी अडचण तीच. सगळं मोजायचं ठरवलं असतं तर काहीच धड मोजून झालं नसतं.

म्हणून एक अट घातली. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं : यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार, आणि किती वर्षांत किती बदल झाला तर तो आपल्याला दिसायला हवा? पहिला रकाना सगळ्यांनी भराभर भरला. दुसऱ्याशी भले भले अडले, आणि यादी तिथेच आटली.

त्या दुसऱ्या रकान्यानं मला फार शिकवलं. जमिनीवरचे भुंगेरे घ्या. पावसाचं वर्ष चांगलं गेलं की सगळ्याच प्लॉटमध्ये, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या जमिनीच्या तुकड्यांमध्ये, ते वाढतात, कोरडं गेलं की सगळीकडे घटतात. हा एकत्रित चढउतार प्लॉट दुप्पट केले तरी कमी होत नाही, त्याला फक्त जास्त वर्षंच लागतात. गटातल्या संख्याशास्त्रज्ञानं हे आलेख काढून दाखवलं तेव्हा ‘आणखी प्लॉट द्या’ ही मागणी मागे पडली आणि ‘आणखी वर्षं द्या’ ही पुढे आली. निधी देणाऱ्यांना हे पटवणं अवघड होतं, कारण नवी केंद्रं उद्घाटनाच्या दिवशीच दिसतात, वर्षं दिसत नाहीत. अमेरिकेतलं ‘निऑन’ हे असंच परिसंस्था निरीक्षणाचं जाळं मुळातच ३० वर्षांसाठी आखलेलं आहे, हा दाखला तिथे कामाला आला.

जागांची निवड हा सर्वांत तापलेला विषय. जुनी संशोधन केंद्रं बहुतेक राखीव, सुंदर, पोचायला सोयीच्या जंगलांत असतात. शेताचे बांध, शहरांच्या कडा, उजाड झालेली कुरणं तिथून दिसतच नाहीत. निऑननं हवामानाच्या आकडेवारीवरून देशाचे २० विभाग पाडले आणि त्यांत ८१ ठिकाणं ठरवली, ४७ जमिनीवरची आणि ३४ पाण्यातली. आम्हीही आधी विभाग पाडले आणि हलक्या पाहणीचे प्लॉट त्यांत यादृच्छिक पद्धतीनं टाकले. जुनी मोजकी केंद्रं सखोल अभ्यासासाठी ठेवली. काही ज्येष्ठ नाराज झाले. त्यांच्या केंद्रांवरच्या कित्येक वर्षांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण सोयीच्या जागांवरून संपूर्ण देशाबद्दल बोलता येत नाही, हे मी तिथेही सांगितलं.

मग मोजण्याच्या पद्धती. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच देशांत ती उंची १.३ मीटर धरतात, अमेरिकी वनखात्यांत साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर. उतारावर कोणत्या बाजूनं मोजायचं? बुंध्याला पंखांसारखी मुळं असतील तर कुठे? चाचणीत एकच प्लॉट दोन पथकांकडून वेगवेगळा मोजून घेतला, तर काही झाडांच्या बाबतीत दोन पथकांमधला फरक त्या झाडाच्या वर्षभराच्या वाढीपेक्षा मोठा निघाला. तेव्हापासून मोजायच्या जागी खोडावर रंगाची रेघ मारणं सक्तीचं केलं आणि काही प्लॉट दरवर्षी पुन्हा मोजायचे ठरले, म्हणजे माणसागणिक पडणारा फरकही नोंदला जाईल. या कागदपत्रांतल्या सर्वांत नेमक्या दुरुस्त्या क्षेत्रसहायकांनी सुचवल्या. पहिल्या मसुद्यापासूनच त्यांना सोबत घ्यायला हवं, असं मी आता प्रत्येकाला आग्रहानं सांगते.

उपकरणं बदलण्याच्या कलमावर मी हट्ट धरला. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक हवामान केंद्रांवर काचेचे तापमापक जाऊन इलेक्ट्रॉनिक आले आणि कमाल तापमानाच्या नोंदी सरासरी सुमारे ०.४ अंशांनी खाली सरकल्या. हवा तीच होती, बदललं होतं उपकरण. म्हणून जुनं आणि नवं उपकरण निदान एक पूर्ण वर्ष शेजारी शेजारी चालवायचं, असं लिहून घेतलं. खर्च कापताना पहिली कात्री इथेच लागत होती.

नमुने जपून ठेवण्याचंही तसंच. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९व्या शतकापासूनचे वाळवलेले गवत, गहू आणि माती आजही जपलेले आहेत. त्या जुन्या गव्हातून पुढे रोगकारक बुरशीचा डीएनए वाचता आला. नमुने ठेवणाऱ्यांच्या काळी डीएनए वाचणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. साठवणुकीची खोली आमच्या अंदाजपत्रकात त्यामुळेच टिकली. डेटा खुला ठेवायचा हे लवकर ठरलं, फक्त दुर्मीळ प्रजातींची अचूक ठिकाणं धूसर करून द्यायची.

सर्वांत जास्त वाद झाला तो शेवटच्या परिशिष्टावर. पैसे कमी पडले तर काय आधी बंद करायचं आणि काय कधीच नाही, याचा क्रम त्यात आहे. कपातीची यादी आपणच दिली तर कपात ओढवून घेऊ, असं काहींचं म्हणणं होतं. पण हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर १९५८पासून चाललेली कार्बन डायऑक्साइडची नोंदसुद्धा १९६४मध्ये निधीअभावी काही महिने खंडित झाली होती, आणि खर्च वाढत चालल्यामुळे निऑनचा आवाका २०१५मध्ये कमी करावा लागला. वेळ आली की घाईत भलतंच बंद पडतं. अखेर परिशिष्ट राहिलं. पाऊस, मातीचं तापमान, झाडांचे घेर आणि ओढ्याच्या पाण्याचं रसायन यांना हात लावायचा नाही, बाकीचं त्यांच्यानंतर, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आता प्रायोगिक टप्प्यातली पहिली पाहणी सुरू आहे आणि पद्धतींच्या पुस्तिकेची पुढची आवृत्ती तिच्या नोंदींवरून निघेल.