कंप्रेसर लॉग, भाग ६ : फुसफुस सापडली एकदाची

मागच्या भागात लिहिलं होतं ना, मोटर बंद झाली तरी प्रेशर स्विचखालून (टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच) हवा फुसफुसत राहते आणि तासाभरात काटा ८ बारवरून ४ वर... चार दिवस स्विचलाच शिव्या घालत होतो, नवीन आणायला निघालोही होतो, मग ट्यूब पेटली. मोटर थांबली की स्विचला जोडलेला अनलोडर व्हॉल्व्ह हेड (हवा दाबणारा पंपाचा भाग) ते टाकी या पाइपात अडकलेली हवा सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटर लोडशिवाय उचलते. ही फुस्स दोन-चार सेकंदांत संपली पाहिजे. संपतच नसेल तर हवा टाकीतून उलटी येतेय, म्हणजे चोर एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा टाकीत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही), आणि मी पकडत होतो वॉचमनला!

टाकी पूर्ण रिकामी केली, ड्रेन कॉक उघडाच ठेवला, मगच पाना लावला (हे चुकवू नका रे). आत स्प्रिंग ठीक, पण रबरी चकतीवर नख रुतल्यासारखी गोल खाच आणि खाचेत कार्बनची काळी खपली. सीट पुसली, चकती उलटी करून बसवली, थ्रेडला टेफ्लॉन टेप. रात्री काटा ८ बारवर सोडला, सकाळी ७.८ बार. जुगाडच आहे, नवीन चकती घ्यायचीच आहे.

ते करताना लक्षात आलं की सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी आधीच्या मालकाने चक्क बोल्ट ठोकलाय. स्विच कधी चिकटला तर मोटर थांबणारच नाही आणि टाकी म्हणजे बॉम्ब. ९ बारचा नवा लावला, थेट टाकीवर, मध्ये बॉल व्हॉल्व्ह वगैरे काही नाही. रिंग ओढून पाहिली, कान बसले.

आता क्लॅम्प, म्हणजे याच हवेवर चालणारी पकड. जुन्या बाजारातून आणलेला डबल ॲक्टिंग सिलिंडर (हवेनेच पुढेही जातो, मागेही येतो) ५/२ सोलेनॉइडवर (हवेची दिशा बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) चालतो, पण दणकन आपटायचा म्हणून दोन्ही पोर्टना फ्लो कंट्रोल (एकाच दिशेची हवा आवळणारे व्हॉल्व्ह) लावले तर अजूनच वैताग, जुन्या एसटीसारखा गचके खात पुढे जायला लागला. त्यांच्यावरच्या दिशेच्या बाणाकडे बघितलंच नव्हतं, आत जाणारी हवा आवळत होतो. दोन्ही उलटे फिरवले, आत येणारी मोकळी आणि बाहेर पडणारी आवळलेली, आता लोण्यासारखा चालतो.

पावसामुळे टाकीतून रोज वाटीभर पाणी निघतंय, पुढच्या भागात ऑटो ड्रेन. टायमरवाला घेऊ की फ्लोटवाला, कोणी वापरला असेल तर सांगा.