लसीनंतर शुगर वाढते का? तुम्ही विचारलंत म्हणून वही उघडली

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. यार्डातल्या चहाच्या टपरीवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत माझ्या ताटात जिलेबी नाही हे बघून विचारतात, कोरोनाच्या लसीच्या वेळी तर एकाने सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोजता मोजता विचारलं. "मुनीमजी, तुम्हाला शुगर आहे ना, मग लस घेतल्यावर तुमची वाढली होती का हो? आमच्या मायची एकदम अडीचशेवर गेली, आता दुसरी लस नको म्हणायली."

एक सांगतो, मी डॉक्टर नाही. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर तीस वर्षं कीर्द-खतावणी लिहितोय आणि २००९ पासून मला शुगर आहे, टाइप टू, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांवर. लोक मला विचारतात ते वहीमुळे. शुगर निघाली तेव्हापासून मी तिचा रोजमेळ लिहितो. तारीख, उपाशीपोटी किती, जेवल्यावर दोन तासांनी किती, काय खाल्लं, किती चाललो आणि शेवटी शेरा. बायको म्हणते मालकाच्या वहीपेक्षा ही वही नीट आहे, ते खरं पण आहे.

तर हो, वाढू शकते. सगळ्यांची वाढत नाही, सारखी वाढत नाही आणि बहुतेक वेळा दोन-चार दिवसात जागेवर येते. एवढंच पाहिजे असेल तर इथं थांबलात तरी चालेल. पण माझ्या वहीत हे पान जरा गुंतागुंतीचं झालंय म्हणून सगळं सांगतो.

१ एप्रिल २०२१ पासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना कोरोनाची लस मिळायला लागली आणि पुढच्याच आठवड्यात मी पहिला डोस घेतला, कोविशील्ड. सकाळची उपाशीपोटी शुगर होती १२६, म्हणजे माझी नेहमीचीच. आठ वाजता रांगेत लागलो, नंबर आला एक वाजता, तोपर्यंत पोटात काही नाही, फक्त तीन वेळा टपरीचा चहा, आणि टपरीचा चहा बिनसाखरेचा मागितला तर तो तुमच्याकडं असं बघतो की तुम्ही उधार मागितलंय. घरी आलो, संध्याकाळी कणकण, रात्री १०१ ताप. बायकोनं तोंडाला चव नाही म्हणून साबुदाण्याची खिचडी केली, पोरानं शक्ती यावी म्हणून संत्र्याच्या ज्यूसचा पुडा आणला. जेवणानंतर शुगर २४३. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १९१.

आजारात सुद्धा एवढी बघितली नव्हती. एका डॉक्टरांना फोन लावला, नाव नाही सांगत, त्यांनाही त्या महिन्यात श्वास घ्यायला वेळ नव्हता, ते म्हणाले, "असं काही नसतं हो, लसीनं शुगर वाढत नाही, तुम्हीच काहीतरी खाल्लं असणार." बरोबर आहे, खाल्लं होतं. पण त्यांनी म्हणायच्या पद्धतीनं मला वाटलं की आपणच चोर. माझं मत विचाराल तर या एका वाक्यानं आपल्याकडं लई नुकसान केलं. ज्याच्या मशीनवर आकडा दिसायलाय त्याला तुम्ही असं काही नसतंच म्हणलात की तो तुमचं ऐकणं सोडतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवाल्याचं ऐकायला लागतो, तिथं तर लसीनं किडनी पण जात होती.

आता माझी चूक सांगतो, कारण वाढलेल्या शुगरनं माझं काहीच बिघडलं नाही, बिघडलं ते मी केलेल्या शहाणपणानं. १९१ बघून मी त्या संध्याकाळी मनानंच ग्लिमेपिराइडची एक गोळी जास्त घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या गोळीसोबत परत एक. ताप तोपर्यंत उतरला होता, शुगर आपली आपणच खाली यायला लागली होती, आणि ही गोळी अशी आहे की शुगर कमी असो नाहीतर जास्त, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन काढायला लावतेच, मेटफॉर्मिनसारखी गरीब नाही. साडेबारा वाजता पेढीवर बसून बेरीज करायलो होतो, तर बेरीज जुळेना. तीन वेळा केली, तीन उत्तरं. मग लक्षात आलं की हात थरथरतोय, शर्ट घामानं भिजलाय, एप्रिलचं लातूर म्हणून मला वाटलं उन्हानं असेल. समोरचा हमाल माझ्याकडं बघून म्हणला, "मुनीमजी, तोंड पांढरं पडलंय बगा तुमचं." मशीन खिशातच असतं. ५८. त्यानंच पाण्यात गूळ कालवून दिला, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८१, तेव्हा कुठं बेरीज जुळली. शेतकऱ्याच्या पट्टीत मी त्या दिवशी चार हजारांचा घोळ केला होता, तो नंतर निस्तरला. शेऱ्यात लाल पेनानं लिहून ठेवलंय, गोळीचा डोस मनानं वाढवायचा नाही.

पहिल्या डोसचा हिशोब मी असा लावला होता की सगळा दोष उपवास, चहा, साबुदाणा आणि ज्यूसचा. एका ग्लास ज्यूसमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम साखर असते, वरून कोणी घातली नसली तरी, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ. म्हणजे डॉक्टर बरोबर, मी चूक. मेळ बसला असं वाटलं.

दुसऱ्या डोसनं तो मोडला. आधी सहा ते आठ आठवडे सांगितलं होतं, मग मे महिन्यात १३ तारखेला अंतर १२ ते १६ आठवड्यांवर गेलं, त्यामुळं नंबर जुलैत आला. ह्यावेळी मी तयारीनं गेलो. ज्वारीची भाकरी आणि मेथी खाऊन, गोळी घेऊन, पाण्याची बाटली सोबत. चहा नाही, ज्यूस नाही, साबुदाणा तर बायकोनं स्वतःहून डब्यात बंद केला. ताप आला नाही, नुसता दंड दुखला. तरी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १६२, तिसऱ्या दिवशी १४९, पाचव्या दिवशी १२८. म्हणजे खर्चाला काही लावायलाच नाही आणि तरी रक्कम जास्त! मुनीमाला यापेक्षा वाईट गोष्ट नाही, तूट चालते पण कारण नसलेली वाढ झोपू देत नाही.

मग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, तेही माझ्या भाषेत. लस टोचली की शरीराला वाटतं शत्रू आला. ते पहारेकरी उठवतं, त्यांचे आपसात निरोप जातात, त्या निरोपाच्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. आणि अशा वेळी कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिनसारखे ताणाचे हार्मोन पण वाढतात. ते लिव्हरला सांगतात की लढाई आहे, दाणागोटा काढा. लिव्हर म्हणजे आपलं ज्वारीचं पेव समजा, जुन्या वाड्यात असायचं तसं, तिथं साखर साठवलेली असते. पेव उघडतं, माल बाहेर येतो. आणि त्याच वेळी सायटोकाइनमुळं पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणजे यार्डात गाड्या तर आल्यात पण वखारीचं दार अर्धंच उघडलंय. माल रस्त्यावर पडून राहणार, तोच आपल्याला मशीनवर दिसतो. ज्याला शुगर नाही त्याचं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन सोडून हे दोन मिनिटात निस्तरतं, त्याला कळत पण नाही. आपल्याला कळतं कारण आपल्याकडं जास्तीचे हमालच नाहीत.

ताप आला, फोड झाला, दाढ सुजली तरी शुगर अशीच वाढते, आणि खरा आजार झाला तर ह्याच्या कितीतरी पट. लसीनं पहारेकरी उठवले नाहीत तर लस घेऊन उपयोग काय, असं बाई म्हणाल्या. ताप आला नाही तरी आतलं काम चालूच असतं, म्हणून माझी दुसऱ्यांदा वाढली असणार.

भाचा पुण्यात असतो, त्याला टाइप वन आहे, चौदाव्या वर्षापासून इन्शुलिनवर. त्याच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असतो, मोबाईलवर चोवीस तास रेघ दिसते. त्याला लसीनंतर दीड-दोन दिवस इन्शुलिन थोडं जास्त लागलं, मग रेघ खाली. अशा सेन्सरवाल्या लोकांचे लसीनंतर अभ्यास पण झालेत, त्यात दिसलं ते हेच की बहुतेकांत फरक थोडा आणि थोडे दिवस, कित्येकांत काहीच नाही. त्यानं एक गंमत सांगितली. काही सेन्सर असे असतात की व्हिटॅमिन सी जास्त घेतलं की आकडा खोटाच वर दाखवतात. आणि कोरोनात आपण काय करत होतो? चघळायच्या त्या पाचशे मिलिग्रॅमच्या आंबट गोळ्या गोळीबिस्किटासारख्या खात होतो. म्हणजे शुगर वाढली का मशीन फसलं हे बोटातून रक्त काढून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मशीन फसण्यावरून शेजारच्या काकू आठवल्या. मे महिना, लस घेऊन दुसरा दिवस, धावत आल्या, "भाऊ, तीनशे बारा आली हो, मला चक्कर यायली." मी हात बघितला तर बोटं पिवळी, नुकताच आमरस काढून आल्या होत्या. साबणानं हात धुवायला लावले, पुसले, परत टोचलं. १७४. चक्कर पण थांबली. बोटावरचा आंबा मशीनला रक्तातलाच वाटतो, त्याला काय कळतंय.

आणि उलटं पण असतं. औशाकडचे एक पाहुणे दोन महिने सांगत होते की लसीनं माझी शुगर कायमची वाढवली, तीनशेच्या खाली येईना. दोन महिने म्हणल्यावर मला शंका आली. विचारलं इन्शुलिन कुठं ठेवता, तर म्हणले खिडकीपाशी, खुंटीला पिशवी अडकवून. वर पत्रा, बाहेर ४२ अंश. इन्शुलिन उन्हानं मरतं, चालू बाटली सुद्धा पंचवीस-तीस अंशांच्या आत लागते. फ्रिज होता पण लाइटचा भरवसा नाही म्हणून ठेवत नव्हते. माठाच्या गारव्यात, पाण्याला न लागता ठेवलं तरी फ्रिजशिवायच्या घरात बऱ्यापैकी निभतं. डॉक्टरांना दाखवून नवी बाटली आणली, आठवड्यात दीडशेवर. लसीचं नाव उगाच खराब झालं. आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपानंतर पण कितीजण सांगायचे की ३० सप्टेंबर ९३ च्या धसक्यानं शुगर लागली. कुणाची लागली असेल पण, धसक्यानं वाढते हे खरंच आहे, पण कितीजणांची आधीच होती आणि तपासली तेव्हा पहिल्यांदा, हे कोण सांगणार.

त्यामुळं कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, किती दिवस झाले? दोन-चार दिवस असेल तर पाणी प्या, नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्या, तापाला पॅरासिटामॉलची गोळी चालते, दिवसातून तीन-चार वेळा तपासा आणि लिहा. गोळी बंद करू नका, वाढवू पण नका. उलट्या होत असतील, अन्न-पाणी टिकत नसेल, दम लागत असेल, गुंगी यायली असेल किंवा शुगर अडीचशेच्या खाली येतच नसेल तर वही ठेवा आणि डॉक्टरकडं जा, टाइप वनवाल्यानं तर लगेच, त्याला लघवीत किटोन बघावे लागतात, म्हणजे इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की निघतात ते. आठवडा उलटून गेला असेल तर लसीचं नाव सोडा आणि दुसरं काय झालंय ते शोधा, पायाला जखम, लघवीला जळजळ, दाढ, स्टेरॉइडची गोळी, बिघडलेलं इन्शुलिन.

आणि तीन महिन्याच्या सरासरीची भीती बाळगू नका. माझं एचबीएवनसी पहिल्या डोसच्या आधी ७.४ होतं, नंतर जुलैत ७.३. त्या १९१ चा तिथं मागमूस नाही. लाल पेशी चार महिने जगतात, त्यात तीन दिवसांची वाढ म्हणजे वर्षाच्या उलाढालीत एक पोतं.

त्या अडीचशेवाल्या मायचं काय झालं विचाराल. तिनं दुसरा डोस टाळला, पुढं तिला कोरोना झाला, दवाखान्यात स्टेरॉइड द्यावं लागलं आणि शुगर साडेचारशेच्या वर. वाचली बिचारी, आता दरवर्षी फ्लूची लस घेते आणि मलाच आठवण करून देते.

मी पण घेतो. २०२२ मध्ये बूस्टर घेतला तेव्हा वहीत काहीच फरक नाही, १२९, १२४, १३१. त्यानंतरच्या फ्लूच्या लसीला एकदा १४७, एकदा काही नाही. का, ते विचारू नका, हिशोबात दिसतंय तेवढं सांगतो.

बायकोनं मात्र ही वही वाचल्यापासून एक भांडण काढलंय. तिचं म्हणणं, दुसऱ्या वेळी खिचडी नव्हती तरी शुगर वाढली ना, मग पहिल्या पानावरून माझ्या खिचडीचं नाव खोडा. मी तिला सांगितलं की वहीत खोडायचं नसतं, दुरुस्तीची नोंद करायची असते. ती म्हणाली मग करा. केली. ८ एप्रिल २०२१, खिचडीवर टाकलेल्या रकमेपैकी निम्मी लसीच्या नावे वर्ग. तिनं सही केली नाही अजून, निम्मी कमी आहे म्हणायली.