रोल जागेवर, टोक हातात: आमची वाटचाल

आमच्याकडे रिबन तयार होत नाही आणि टेपही नाही. या दोन्हींचे रोल जिथे वापरले जातात तिथे ते ठेवायचे कसे, आणि हवा तेवढा तुकडा विनासायास काढायचा कसा, एवढ्या एका प्रश्नावर आमचा धंदा उभा आहे. प्रश्न दिसायला किरकोळ आहे. आम्हालाही तो सुरुवातीला धंदा वाटला नव्हता.

आमचं मूळ काम पॅकिंगचं. भेटवस्तूंचे बॉक्स इतरांसाठी भरून, बांधून, रिबन लावून द्यायचे. टेबलाखाली खोक्यांत रिबनचे रोल भरलेले असायचे. वेळ जायचा तो रिबन बांधण्यात नव्हे, तर हवा तो रंग शोधण्यात, आत दडलेलं टोक उकरून काढण्यात आणि घरंगळत गेलेला रोल परत आणण्यात. शेवटी दोन फळ्यांना भोकं पाडून त्यांत एक पाइप बसवला आणि सगळे रोल त्यावर ओवून टाकले. काम बघायला येणारे लोक बॉक्सपेक्षा त्या पाइपकडेच जास्त वेळ बघत. कुणी म्हणे, आम्हालाही असलं एक करून द्या. असे करून देता देता पॅकिंगचं काम मागे पडलं आणि रॅकचं काम पुढे आलं.

विकायला घेतल्यावर मात्र त्या पाइपमध्ये बदल करणं भाग पडलं. भोकांतून ओवलेल्या दांड्याची पहिली अडचण अशी, की मधला एक रोल संपला तर त्याच्या अलीकडचे सगळे उतरवावे लागतात. म्हणून आम्ही भोकाऐवजी वरून उघडी खाच दिली आणि तिच्या पुढच्या बाजूला लहानसा ओठ ठेवला. दांडा उचलला की निघतो, पण रिबन ओढली तरी बाहेर येत नाही. बदल एवढासाच, पण आजही आमच्या प्रत्येक रॅकला तीच खाच असते.

दुसरी अडचण लांबीची. ग्राहक म्हणतात, टेबल जेवढं लांब तेवढाच दांडा द्या. त्यांना तो सरळ दिसतो. रोल चढवल्यावर तो मध्यावर झुकतो आणि सगळे रोल उतारावर एकमेकांना चिकटून बसतात, मग एक ओढला की शेजारचाही फिरतो. भार मध्यावर तेवढाच धरला, तर दांड्याची लांबी दुप्पट केल्यावर झोल आठपट होतो. भरीव दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर तोच झोल सोळाव्या भागावर येतो. म्हणजे उपाय सोपा आहे, जाड दांडा घ्या! पण छोट्या सेलोटेपच्या रोलचं भोक साधारण 25 मिमीचं असतं आणि अरुंद रिबनच्या रिळांचं त्याहूनही लहान असू शकतं. जाड दांडा त्यात शिरतच नाही. म्हणून आम्ही लांब दांड्याचा आग्रह मोडून काढतो. मधे आधार देऊन आखूड दांडे वापरले की काम भागतं, आणि एका दांड्यावरचे रोल बदलताना बाकीच्यांचं काम थांबत नाही हा वरचा फायदा.

या व्यवसायातला खरा कस लागला तो ब्रेकवर. भरलेला रोल झटक्यात ओढा. हात थांबतो, रोल थांबत नाही. तो आपल्याच वेगाने फिरत राहतो आणि सॅटिनची वेटोळी जमिनीवर येतात. सॅटिनला धूळ लागली की ती रिबन गेलीच म्हणायची. म्हणून दांड्यावर फेल्टचा वॉशर आणि एक स्प्रिंग बसवून रोलला थोडा अडसर दिला. गुंता थांबला, पण तक्रारीचा सूर बदलला: रोल संपत आला की रिबन जड जाते. कारण साधं आहे. ब्रेक आसापाशी तेवढाच राहतो, पण आपण ओढतो ते रोलच्या बाहेरच्या कडेवरून. रोलचा व्यास निम्मा झाला की ओढायला दुप्पट जोर लागतो. आणि गंमत अशी, की ब्रेकची गरज असते ती वजनदार, भरलेल्या रोलला. उरलेल्या हलक्या रोलला ती जवळजवळ नसतेच. म्हणजे वॉशर नेमकं उलटं काम करत होता.

मग आम्ही आसाऐवजी पृष्ठभागावर ब्रेक द्यायला लागलो. वरून बिजागरीवर एक हलकी पट्टी सोडायची, जी स्वतःच्या वजनाने रोलवर टेकून राहील. घर्षण आणि ओढ दोन्ही एकाच कडेवर आली की व्यास कितीही असो, जोर साधारण सारखाच लागतो. पट्टीच्या खालच्या बाजूला फेल्ट असतं, त्यामुळे सॅटिनवर चरे उठत नाहीत. मखमली रिबनला मात्र ही पट्टी चालत नाही, लव दबते आणि दबलेली जागा वेगळी चमकते. दोन्ही बाजूंना चकत्या असलेल्या अरुंद रिळांनाही ती बसत नाही. त्यांच्यासाठी जुना वॉशर अजून आहे. सगळ्यांना एकच ब्रेक बसेल असं सांगणाऱ्याने बहुधा एकाच प्रकारची रिबन पाहिलेली असते.

टेपकडे आम्ही उशिरा वळलो, कारण टेपचं दुखणं वेगळं. रिबनचं टोक सुटतं, टेपचं टोक चिकटतं. कापून झाल्यावर हात सोडला की टोक परत रोलवर जाऊन बसतं आणि पारदर्शक टेप असेल तर नखाने शोधत बसावं लागतं. सेलोफेनची पारदर्शक टेप 1930 साली थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी आणली. पाच वर्षं आधी, 1925 मध्ये, मास्किंग टेपही त्यांनीच केली होती. पण टोक सापडण्याचा आणि कापण्याचा प्रश्न सुटला तो 1932 मध्ये, त्याच कंपनीतल्या जॉन बोर्डन यांनी पातं बसवलेला डिस्पेन्सर तयार केल्यावर. आमच्या धंद्यातल्या माणसाला या तारखा पाठ असायला हरकत नाही, वस्तू आल्यानंतरही ती नीट हाती यायला वेळ लागला हे त्यातून कळतं.

त्या डिस्पेन्सरमधली महत्त्वाची गोष्ट लोकांना पातं वाटते. पातं हवंच, आणि ते दातेरीच हवं. पॅकिंगच्या टेपची फिल्म ओढून सहजासहजी तुटत नाही, पण कडेला एक बारीक चीर पडली की सरळ फाटत जाते. दाते ती चीर पाडतात. पण माझ्या मते खरी करामत आहे ती पात्यामागच्या छोट्याशा कट्ट्यात. टेप तुटल्यावर तिचा चिकट भाग त्या कट्ट्यावर टेकून राहतो, म्हणून टोक पुढच्या वेळी बोटाला लगेच सापडतं. कट्टा नसेल तर उत्तम पातंसुद्धा फुकट. भिंतीवरच्या रॅकलाही आम्ही प्रत्येक टेपपुढे असा कट्टा देतो. टेप वरून सोडायची की खालून, हे त्यावरच ठरतं. चिकट बाजू कट्ट्याकडे यायला हवी. रोल उलटा घातला की सगळंच बिघडतं, म्हणून बाजूच्या पत्र्यावर बाण कोरलेला असतो. विणलेल्या रिबनला ही दातेरी पाती निरुपयोगी आहेत, दशा सुटतात. तिथे धारदार कात्री आणि तिरकस काप हवा. पॉलिएस्टर असेल तर गरम पात्याने कड वितळून बंद होते. सुती फितीला तो उपाय नाही, ती जळते.

दुहेरी चिकट टेपसाठी रॅक केला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. सोललेला कागद जायचा कुठे? तो हाताला चिकटतो, टेबलावर साचतो, बुटाखाली जातो. आता त्या रॅकखाली आम्ही उघडी पेटी लावूनच देतो. कुणी मागितलेली नव्हती, पण परत करायला सांगितली असंही झालेलं नाही.

इथवर आम्ही फक्त वापराचा विचार करत होतो. मोठ्या कारखान्यांची कामं यायला लागली तेव्हा साठवण हा वेगळा विषय आहे हे समोर आलं. वापरताना रोल उभा, उघडा आणि हाताशी हवा. साठवताना नेमकं उलट: आडवा, झाकलेला, उजेडापासून दूर. टेपचा रोल महिनोन्‌महिने कडेवर उभा ठेवला तर खालच्या बाजूने चपटा होतो आणि मग फिरताना गचके देतो. गरम जागी ठेवला तर थर एकमेकांवरून सरकतात आणि मधला भाग शंकूसारखा बाहेर येतो. उन्हाने गोंद वाळतो, मास्किंग टेप निघताना डाग सोडते. रोलच्या कडेला धूळ बसली की ती प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांवर जाते आणि नेमक्या कडाच आधी सुटतात. टेपसाठी साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता चांगली मानली जाते. थंड खोलीतून काढलेला रोल लगेच लावायचा नाही, त्याला कामाच्या खोलीत जरा वेळ द्यायचा. गार गोंद धरत नाही.

तेव्हा एकाच रॅकमध्ये दोन्ही करायचा हट्ट सोडला. आता एका टेबलासाठी एक कामाचा रॅक, त्यावर चालू रोल. आणि बाकी माल साठवणीच्या बंद कपाटात. त्या कपाटावर आमचा बराच काळ गेला. आडवे रोल एकावर एक रचले की नवा माल वर येतो, माणूस वरचाच उचलतो आणि तळाचा रोल तिथेच म्हातारा होतो. म्हणून कपाटातला प्रत्येक कप्पा उभ्या नळकांड्यासारखा केला, वरून भरायचा आणि खालच्या खिडकीतून काढायचा. आधी आलेला आधी जातो, कुणाला तारीख वाचावी लागत नाही. वाचतं कोण?

शिवणकामाच्या युनिट्सनी आमच्या ब्रेकच्या अभिमानाला चाप लावला. इलॅस्टिक ताणाखाली काढून मोजलं आणि कापलं, तर सैल पडल्यावर तो तुकडा आखूड भरतो. कमरेचं माप चुकतं, माल परत येतो. तिथे ब्रेक अजिबात नको, उलट रोल अगदी हलका फिरायला हवा, आणि कापण्याआधी इलॅस्टिक सैल वेटोळ्यांत पडून राहायला जागा हवी. आम्ही त्या रॅकला बेअरिंग लावली आणि पुढे उथळ ट्रे दिला. बायस पट्टीचंही थोडंफार तसंच, तिरक्या कापडाची असल्याने ती ओढीला लगेच लांबते. हे काम आम्हाला मशीनवर बसणाऱ्या बायकांनी शिकवलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. नमुना आणला की त्या आधी दोन बोटांनी फीत ओढून बघत आणि बोलायच्या आधीच चेहऱ्यावर निकाल दिसे.

सगळ्यात जास्त दाद मिळाली ती एका फुकटच्या गोष्टीला. रोलमध्ये किती माल उरला हे डोळ्याने ओळखता येत नाही. समजा रोलचा बाहेरचा व्यास 120 मिमी आणि आतली नळी 30 मिमी. थरांची जाडी निम्मी उरली, व्यास 75 मिमी झाला, की माणूस म्हणतो अर्धा रोल आहे. प्रत्यक्षात लांबी उरलेली असते साधारण 35 टक्के, कारण बाहेरच्या फेऱ्यांत जास्त रिबन मावते. मोठ्या, 76 मिमीच्या नळीवरच्या पॅकिंग टेपला हा फरक कमी पडतो. तिथे अर्ध्या जाडीला 47 टक्क्यांच्या आसपास माल असतो. आम्ही रॅकच्या बाजूच्या पत्र्यावर पट्टी कोरून दिली, पाऊण, निम्मा, पाव, सगळ्या खुणा हिशेबाने. त्यामुळे खरेदी बघणाऱ्या माणसाला चालत जाता जाता कळतं की कोणता रंग मागवायचा.

मोटर लावा, आपोआप ठरलेल्या लांबीचा तुकडा काढून द्या, अशी मागणी अधूनमधून येते. तशी यंत्रं बाजारात मिळतात आणि दिवसभर एकाच मापाचे तुकडे लागत असतील तर ती घ्यावीत, आम्ही तसं सांगतो. आम्ही ती करत नाही. आमचा ग्राहक एका बॉक्सला वीतभर लावतो आणि पुढच्याला हातभर, त्याला मोटरचा काय उपयोग? फिरते रॅकही आम्ही बंद केले. दिसायला छान असतात, पण ओढ लागली की सगळा खांबच फिरतो आणि रिबन त्याभोवती गुंडाळली जाते.

सध्या जास्त काम आहे ते जुन्या रॅकना नवे भाग देण्याचं. लोक टेप बदलतात, तर नळीचं माप बदलतं; त्यासाठी 25 मिमीच्या दांड्यावर 76 मिमीचा रोल मध्यावर बसवणारे प्लास्टिकचे अडॅप्टर आम्ही वेगळे देतो. अडॅप्टर नसेल तर मोठा रोल बारीक दांड्यावर लटकतो आणि प्रत्येक फेरीला उड्या मारतो.

ऑर्डर देताना रंग आणि टेबलाची लांबी सगळेच कळवतात. आम्हाला त्याआधी हवं असतं ते नळीचं आतलं माप, सर्वांत रुंद रोलची रुंदी, भरलेल्या रोलचा व्यास आणि वजन. फीत ताणली जाते का, तिला लव आहे का, तेही लिहावं. आणि काम करणारी व्यक्ती कोणत्या हाताने कात्री धरते ते विचारून घ्यावं. डावखुऱ्यासाठी पातं, कट्टा आणि बाण आम्ही उलट्या बाजूला बसवून देतो, त्याचा वेगळा आकार लावत नाही.