तुम्ही विचारलंत म्हणून: ‘समोरचा असा का वागतो, हे ओळखायचं कसं?’

पुण्यात मानसशास्त्रावर कुठेही बोलणं झालं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक पालक, अधूनमधून एखादे शिक्षक. नुसत्या वागण्याकडे बघून ते ओळखता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो माणूस काय सांभाळतोय ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी एक चाचणी आहे.

ती विल्यम पॉवर्स यांच्या पर्सेप्च्युअल कंट्रोल थिअरीतली, म्हणजे जाणिवेच्या नियंत्रणाच्या सिद्धांतातली. हे अमेरिकन गृहस्थ भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंगकडून मानसशास्त्रात आले, आणि १९७३ साली त्यांनी हा सिद्धांत पुस्तकरूपात मांडला. त्यांचं म्हणणं असं, की सजीव आपल्या हालचाली सांभाळत नाही. त्याला जे जाणवतं ते हवं तसं राहावं, एवढं तो बघतो, आणि त्यासाठी लागतील त्या हालचाली करतो. जुन्या कात्रज घाटात स्कूटर तीसच्या वेगानं न्यायची तर चढाला मूठ पिळावी लागते, उताराला ब्रेक दाबावा लागतो. हाताचं काम सतत बदलतं, काटा तिथेच. नुसता हात टिपून ठेवलात तर हाती येईल तो घाटाचा नकाशा. चालवणाऱ्याला तीसचा वेग हवा होता, हे त्या टिपणात कुठेच सापडणार नाही.

हे घरी करून बघता येतं. अप्पा बळवंत चौकातून एकसारखी रबरबँडं आणा. दोन रबरं एकमेकांत अडकवून मध्ये गाठ पाडा आणि टेबलावरच्या कागदावर एक ठिपका काढा. एका टोकात तुमचं बोट, दुसऱ्यात भाचीचं. तिला हळूच सांगा, ‘गाठ ठिपक्यावरून हलू द्यायची नाही.’ रबरं आधीपासून थोडी ताणलेली हवीत, सैल रबराला गाठ ओढता येत नाही. मग हात सावकाश हलवा. झटका दिलात तर गाठ सुटणारच, कारण डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. लोकांचा प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच.

ज्याला काही सांगितलेलं नाही अशा तिसऱ्याला विचारा, ही काय करतेय? ‘तुमची नक्कल करतेय, उलट्या बाजूनं,’ असंच उत्तर येतं. तुमचा हात एक सेंटिमीटर मागे, तिचाही एक सेंटिमीटर मागे. आता तुमच्या बाजूला एकाऐवजी दोन रबरं एकत्र लावा. तुम्ही एक सेंटिमीटर ओढलंत की तिला जवळजवळ दोन ओढावं लागतं. ‘नकलेचा नियम’ बदलला, पण मुलीच्या मनात काहीच बदललेलं नाही. बदललं ते रबर. मला या सिद्धांतातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: अमुक केलं की तो तमुक करतो, अशी जी सूत्रं आपण माणसांबद्दल बांधतो, त्यांतली पुष्कळशी मधल्या रबराची असतात. कॉम्प्युटरवर हाच प्रयोग केला, की बाहेरचा व्यत्यय (इथे तुमची ओढ) आणि हाताची हालचाल यांचा सहसंबंध उणे ०.९९ च्या आसपास जातो, म्हणजे हात जवळजवळ बरोबर उलट हलतो, आणि व्यत्ययाचा सांभाळलेल्या गोष्टीशी असलेला सहसंबंध शून्याजवळ राहतो, म्हणजे दोघांचा मेळ दिसतच नाही. जे सांभाळलं जातं ते हलतच नाही, म्हणून बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

तर चाचणी. आधी अंदाज बांधा की हा माणूस अमुक एक गोष्ट सांभाळतोय. मग ती गोष्ट हलेल असा हलका, सावकाश व्यत्यय आणा. कोणी विरोध केला नसता तर ती किती हलली असती, याचा हिशेब आधीच हवा. तेवढी हलली तर अंदाज चुकला, दुसरा घ्या. फारच कमी हलली तर पुढे बघा: ती त्याच्याच कृतीमुळे थांबली का? जड टेबलही ढकलल्यावर हलत नाही, म्हणून ते काही सांभाळत असतं असं नाही. शेवटी, ती गोष्ट त्याला जाणवणारच नाही असं करा. गाठ आणि ठिपका भाचीला दिसणार नाहीत असं पुठ्ठ्यानं झाका, गाठ लगेच भरकटते. एकाच व्यत्ययावर निकाल देऊ नका, वेगवेगळ्या बाजूंनी चार-पाच तरी द्या.

पॉवर्स यांनी अशा नियंत्रणाच्या अकरा पातळ्या मांडल्या, उजेड किंवा आवाज किती जाणवतो अशा साध्या तीव्रतेपासून ‘मी कोण’ यासारख्या कल्पनांपर्यंत. अकरा हा आकडा फार मनावर घेऊ नका. वरची पातळी खालचीला ‘किती हवं’ ते सांगते, एवढं पुरे.

आता दहावीतला मुलगा. आई म्हणते ‘बस अभ्यासाला’, तो मोबाइल काढतो. तो मोबाइल सांभाळतोय, की ‘माझा वेळ मी ठरवणार’ हे? पहिला अंदाज असा तपासा: मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवा, पण अभ्यासाचं नाव काढू नका. तो खुशाल क्रिकेट खेळायला गेला तर मोबाइल हा मुद्दा नव्हता. मग दुसरा: एक दिवस त्याच्या आवडीच्याच गोष्टीची वेळ तुम्ही ठरवा, ‘सहा वाजता खेळायला जा.’ तो हटकून साडेसहाला निघाला, तर दुसऱ्या अंदाजात दम आहे. अशा वेळी आईनं जोर वाढवला की त्याचाही वाढतो, कारण वेळ कोण ठरवणार ही एकच गोष्ट दोघं दोन बाजूंना ओढत असतात. दोघं दमतात, वेळापत्रक जागचं हलत नाही.

काय सांभाळतोय ते चाचणी सांगते, कशासाठी ते सांगत नाही. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ टिमथी कॅरी यांनी याच सिद्धांतावर उपचारपद्धत उभी केली, मेथड ऑफ लेव्हल्स. तिच्यातली एक गोष्ट घरीही जमते. बोलता बोलता मुलगा मध्येच हसला, अडखळला, नजर वळवली, तर तिथे थांबून ‘आत्ता काय आलं मनात?’ एवढंच विचारायचं. बहुतेकदा तो ज्या विषयावर बोलत होता, त्याच्या एक पायरी वरचं काहीतरी तिथे असतं. ‘काही नाही’ म्हणाला तर सोडून द्या, पुढच्या वेळी पुन्हा विचारता येतं.