खालची रत्नागिरी, वरची रत्नागिरी

यंदा आषाढी वारी पहिल्यांदाच आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी करायची ठरवली आहे. त्यात सगळ्यांत लांबचा टप्पा पुणे ते सासवड, 30 किलोमीटरच्या वर, आणि वाटेत दिवेघाट. आत्या कितीतरी वर्षं दिंडीत चालते. तिचं म्हणणं, "एरवी दिंडी तुला ओढून नेईल गं, पण त्या दिवशी स्वतःचे पाय लागतात." म्हणून फेब्रुवारीपासून दर रविवारी थोडं थोडं अंतर वाढवत होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मावशीकडे रत्नागिरीला जाणं झालं, आणि तो रविवार काही मला चुकवायचा नव्हता.

मावशी माळनाक्याला राहते. लहानपणापासून किती वेळा आले असेन, पण रत्नागिरी माझ्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनी होती. रिक्षात बसायचं, भाट्याला उतरायचं. पुन्हा बसायचं, किल्ल्यावर उतरायचं. मधलं शहर कुठे चढतं, कुठे उतरतं, हे बसणाऱ्याला कळत नाही.

पहाटे सव्वापाचला दादाने मला भाट्याच्या किनाऱ्यावर सोडलं. पाठीवर दोन लिटर पाणी, जादा मोजे आणि वजन म्हणून मावशीने दिलेली तांदळाची पिशवी. ओहोटी होती, त्यामुळे पाण्याजवळची वाळू टणक लागत होती. सुरूच्या बनाच्या कडेने झरी विनायकापर्यंत गेले, दर्शन घेऊन मागे फिरले. वाळूवर चालताना पोटऱ्या लवकर भरून येतात, पण घाटासाठी हा व्यायाम चांगलाच. काजळी नदीवरच्या पुलावर आले तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. खाली खाडीतून दोन होड्या समुद्राकडे निघाल्या होत्या आणि समोर राजिवड्याची वस्ती जागी होत होती. त्या वस्तीच्या मागे एकदम उभा कडा, वर झाडी. थिबा पॉइंट तिथे वर आहे हे ठाऊक होतं. पण तो आणि हा पूल एकमेकांच्या इतके जवळ आहेत हे त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

मांडवीला पोचून बूट काढले. इथली वाळू काळी. इल्मेनाईट नावाच्या काळ्या खनिजामुळे तिला तो रंग आहे. मोज्याला चिकटलेले कण तळहातावर घेऊन पाहिले, तर कोवळ्या उन्हात लोखंडाच्या किसासारखे चमकत होते. अंगठ्याच्या बाजूला लाली आली होती, तिथे पट्टी लावली आणि जेट्टीच्या टोकापर्यंत जाऊन आले. या बंदराबद्दल मावशीने आदल्या रात्रीच सांगितलं होतं. तिच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं आणि इथे यायचं. बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. मग पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. बोट वर जायची तेव्हा पडाव खाली, पडाव वर यायचा तेव्हा बोट खाली. तेवढ्यात खलाशी पोराला बगलेत धरून अलगद पलीकडे द्यायचा. "त्या माणसाच्या हाताला डिझेलचा वास यायचा, तो अजून आठवतो," मावशी म्हणाली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 1998 साली. त्याआधी कितीतरी पिढ्यांसाठी गावाचं दार म्हणजे हे बंदरच होतं. मांडवीला रत्नागिरीचं प्रवेशद्वार म्हणतात ते शोभेसाठी नव्हे.

मिरकरवाड्यात मात्र मी चालायचं विसरले. पाऊण तास गेला तिथे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणजे हंगामाचे शेवटचे दिवस. जेट्टीवर लिलाव चालू होता. बांगड्याचे ढीग, बर्फात निळसर पडलेलं म्हाकूल, आणि बोली इतक्या वेगाने पुढे सरकते की नव्या माणसाला आकडाच कळत नाही. एका बाजूला शाकारणीची तयारी दिसत होती. पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकून ठेवतात, त्याला शाकारणं म्हणतात. एक चाचा जाळं पसरून बसले होते. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, उजव्या हातात दोरा भरलेली सुई. फाटलेल्या जागेचे धागे आधी कापून ते भोक मोठं करत होते. मी विचारलं, "चाचा, वाढवताय का?" म्हणाले, "कमजोर धाग्याला गाठ मारून काय उपयोग? चांगला धागा लागेपर्यंत कापायचं, मग विणायचं." आणि बोलता बोलता पाच-सहा घरं विणूनही झाली. सुईकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तिथून रत्नदुर्गाची चढण. दिवेघाटासाठी म्हणून ही मी न थांबता चढायची ठरवली होती आणि चढलेही, श्वास नाकानेच घेत, पावलं आखूड ठेवून. भगवतीच्या देवळात गार फरशीवर दहा मिनिटं बसले. किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे असं वाचलेलं असतं. तटावरून चालत दीपगृहाच्या बाजूला आलं की तो वाक पायांना कळतो, कारण समुद्र आधी समोर असतो, मग उजवीकडे आणि नंतर जवळजवळ पाठीशी येतो. दीपगृह 1867 सालचं. वरून मिरकरवाड्याच्या होड्या एकमेकींना चिकटून उभ्या दिसतात. खाली उभं असताना जी नुसती गर्दी वाटली होती, तिच्यात वरून रांगा दिसल्या.

पांढरा समुद्र नावाचा किनारा ते मिऱ्या हा पट्टा उन्हात काढला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाळूचा रंग बदलतो एवढं खरं. पण आता इथे वाळूपेक्षा बंधारा आणि टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, जास्त दिसतात, कारण समुद्र दर पावसाळ्यात किनारा खातो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज याच मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन अडकलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच पडून राहिलं. रस्ता विचारला तर एक काका म्हणाले, "जहाज लागलं होतं तिथपर्यंत जा, पुढे नको, ऊन फार आहे." त्यांचं ऐकलं.

परतताना टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरापाशी सावलीत पाणी प्यायले. 1856 चा त्यांचा जन्म. कौलारू छपराखालचा तो गारवा सोडून निघणं जिवावर आलं. कारण पुढे शेवटची चढण होती, बाजारातून वर थिबा पॅलेसकडे. मावशी रोज म्हणते, "खाली बाजारात जाऊन येते." ते 'खाली' मला नुसतं बोलण्यातलं वाटायचं. अठरा किलोमीटरनंतर भर उन्हात चढले तेव्हा त्याचा अर्थ कळला. मासळी, बाजार, बंदर सगळं खाली. वर कातळाच्या सड्यावर, म्हणजे सपाट माथ्यावर, नवी घरं आणि राजवाडा.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं. हा तीन मजली लाल वाडा तयार होऊन तो राहायला आला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये वारला. म्हणजे तीस वर्षांतली चोवीस वर्षं तो दुसरीकडेच राहिला. ज्याचं नाव वाड्याला लागलं त्याला वाडा जेमतेम सहा वर्षं मिळाला. मला त्या ओसरीत उभं राहून फार वाईट वाटलं.

थिबा पॉइंटला पोचले तेव्हा फोनवर 21 किलोमीटर झाले होते. कठड्याला टेकले. खाली राजिवडा, पूल, खाडीचं मुख, आणि पलीकडे भाट्याची सुरूची काळी रेघ. पहाटेची माझी पावलं भरतीने केव्हाच पुसली असणार. दादाचा फोन आला, "कुठे आहेस? गाडी काढू?"

"नको रे, माळनाका आता जवळच आहे," म्हटलं, आणि तांदळाची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.