'दऱ्या' सर्चमध्ये का सापडत नाही

आज दिवसभर हाच घोळ: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'दऱ्या' डोळ्यांना दिसतं, पण सर्चला सापडत नाही. त्यातला अर्धा र तीन प्रकारे साठवला जातो (कंसात युनिकोड, म्हणजे अक्षरांचे ठरलेले क्रमांक): सरळ ऱ (०९३१) आणि हलन्त (पाय मोडण्याची खूण), र, नुक्ता म्हणजे खालचा टिंब (०९३०, ०९३सी) आणि हलन्त, नाहीतर र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे (२००डी).

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन 'एनएफसी' (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा प्रकार) देऊन चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो. त्या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त वेगळं रिप्लेस करावं लागतं. झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, कृपा करून! 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, अर्थच बदलतो.

सेव्ह करताना आणि शोधताना एकच फंक्शन वापरा. जुना डेटा बदलण्याआधी बॅकअप घ्या. युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा) असेल तर डुप्लिकेट निघून मायग्रेशन, म्हणजे जुन्या डेटाचा हा बदल, तिथेच अडकतं.